मुठीएवढं पोट

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथी पास, तेही चांदूर रेल्वेच्या शाळेत, आणि त्याला पस्तीसएक वर्षं झाली असतील. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून कुठेही पडतात. अक्षर वेडंवाकडं आहे. पोळी मात्र अजून गोल होते. भाची सुमन शाळेत शिकवते, तिच्या महिला मंडळाचा दिवाळीला हाताने लिहिलेला अंक निघतो. ती म्हणाली, "आत्या, तू इतकी वर्षं स्वयंपाक केलास, त्यातलं काही लिही ना." तिच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. अंकाला देईन की नाही ते अजून ठरवलेलं नाही. चारचौघींत वाचलं जाईल या विचारानेच कानशिलं गरम होतात.

मी पंचवीस वर्षं लोकांच्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक केला. बाविसाव्या वर्षी बार्शीटाकळीला माझं कुंकू गेलं, मूलबाळ नव्हतं, आणि माहेरी भिक्षुकीवर पाच माणसं जेवत होती. तेव्हा अकोल्याला आले. पुढची बहुतेक वर्षं जठारपेठेत एका वकिलांच्या घरी काढली. वकीलसाहेबांच्या आईला सगळे माई म्हणत. त्या घरात साहेबांचं कोर्टात चालायचं आणि माईंचं बाकी सगळीकडे.

आता सोवळं मुलींना सांगावं लागतं. पहाटे आंघोळ करायची. आदल्या दिवशी धुऊन उंच दांडीवर वाळत घातलेलं लुगडं काठीने खाली काढून नेसायचं, कारण मधे त्याला कुणाचा हात लागलेला चालत नाही. मग नैवेद्य होईपर्यंत आपल्याला कुणी शिवायचं नाही, आपण कुणाला शिवायचं नाही. आणि तोवर तोंडात काही घालायचं नाही. चवसुद्धा बघायची नाही. देवाच्या आधी जीभ लागली की अन्न उष्टं.

लोक मला नेहमी विचारत, चव न बघता मीठ कसं कळतं? ते हाताला कळतं. पंचवीस पानांच्या भाजीला एक घट्ट मूठ. पन्नास पानं असली तर दोन नाही, पावणेदोन. वरणात मीठ पडलं की उकळीचा वास बदलतो, अळणी वरण शेवटपर्यंत डाळीचाच वास देत राहतं. पुरणात गूळ कमी असेल तर ते बोटाला चिकटत नाही, नुसतं लागून सुटतं. इतक्या वर्षांत माझं मीठ दोनदा चुकलं. दोन्ही वेळा मला ताप होता.

माझं पोट मात्र फार आधीपासून दुखायचं. उपाशी राहिलं की जास्त. आणि सोवळ्याची बाई दुपारी एक-दीडपर्यंत उपाशीच असते. सोडा खायचा, लिंबू पिळून प्यायचं, पोटाशी पाट दाबून धरायचा, असं करत दहा वर्षं काढली. नवे पैसे सुरू झाले त्याच्या आदल्या वर्षी एका सकाळी कणीक मळताना मला उलटी झाली, ती काळी. शेणाच्या पाण्यासारखी काळी. वकीलसाहेबांनी त्याच दिवशी अमरावतीला मोठ्या दवाखान्यात नेलं. पोटात व्रण होता आणि तो फुटायच्या बेतात आलेला होता.

ऑपरेशन केलं ते डॉक्टर इकडचेच, शेतकऱ्याघरचे. आठव्या दिवशी खाटेजवळ येऊन त्यांनी आपली मूठ वळून मला दाखवली.

"बाई, तुह्या पोटाचे चारातले तीन हिस्से काहाडून टाकले. उरलं ते खाली आतड्याले जोडून देल्लं. आता तुहं पोट हे एवढं हाये."

मी मुठीकडे बघत राहिले. पंचवीस पानांचं मीठ, एवढंच माझ्या मनात आलं.

"येका येळची भाकर चार येळा खाजो. दर दोन घंट्यानं थोडं थोडं. जेवताना पाणी नाही. जेवलं का जरा आडवं व्हायचं. उपासतापास बंद. आन गोडाकडे तं पाहूच नको, चक्कर येऊन पडशील."

मी मान हलवली. मी स्वयंपाकीण आहे, सोवळ्यात दर दोन तासांनी कसं खाऊ, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. परक्या पुरुषाशी इतकं बोलायची मला सवय नव्हती. तेव्हा विचारलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

रक्ताच्या बाटल्या, औषधं, दीड महिना तिथलं राहणं, मिळून तीनशे रुपये झाले. ते माईंनी दिले. साहेबांचे नव्हेत, स्वतःचे. अकोल्याला परत आले तेव्हा मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, महिन्याला पाच रुपयांप्रमाणे फेडीन. त्या म्हणाल्या, "फेडशील गं. आधी बरी हो आणि पूर्वीसारखी चुलीपाशी उभी राहा, म्हणजे झालं."

पूर्वीसारखी. त्या शब्दाने माझं तोंड बंद झालं. माईंना वाटत होतं की तीनशे रुपयांत मी पुरती बरी होऊन आले. आता मी दोन तास उपाशी राहू शकत नाही हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांच्याकडे सोवळ्याशिवाय स्वयंपाक होत नव्हता, आणि मला स्वयंपाकाशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

असं पोट घेऊन राहणं म्हणजे काय ते थोडं सांगते. चतकोर भाकरी आणि दोन घास भाजी, की झालं. त्यावर एक घास जास्त गेला तर छातीशी येऊन बसतो, वर येत नाही की खाली जात नाही. भूक लागते ती हळूहळू नाही लागत. बरं चाललेलं असताना एकदम हात कापायला लागतात, डोळ्यांपुढे चांदण्या दिसतात. गोड खाल्लं तर उलटं. पंधरा-वीस मिनिटांनी अंगाला दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, पायांतलं बळ जातं. अर्धा तास पडून राहिलं की आपोआप बरं वाटतं. वर्षभरात मी निम्मी झाले. आणि स्वयंपाकीण वाळली की लोकांना आधी अन्नाची शंका येते.

भांडी घासायला नर्मदा यायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. एक दिवस मागच्या अंगणात मला म्हणाली, "काहून व काकू, तुमचं पोट हाय का चिमणीचं खोपं? दोन दाने टिपता आन उठता."

तिला मी सांगितलं. का कोण जाणे, पण तिला सांगताना लाज वाटली नाही. ती म्हणाली, "अव माय! मंग मेल्यावर खासान का?" दुसऱ्या दिवसापासून ती पदराला फुटाणे नाहीतर ज्वारीच्या लाह्या बांधून आणू लागली. मागच्या लाकडांच्या खोलीत एका मडक्यात ठेवून द्यायची. सरपण आणायला म्हणून मी तिथे जायची आणि उभ्या उभ्या मूठभर खाऊन यायची. सोवळ्यात. नैवेद्याच्या आधी. आणि ते नर्मदेच्या हातचं, जिला आम्ही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नव्हतो. तिच्या फुटाण्यांवर मी जगत होते आणि तिचं ताट मात्र अंगणात वाढत होते, वरून. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

देवाला मी रोज हात जोडून सांगायची, फिटेपर्यंत सांभाळून घे.

लवकर फिटावं म्हणून लग्नाची कामं घ्यायला लागले. माई सुट्टी द्यायच्या. एका वैशाखात चांदूर रेल्वेला लग्न होतं, पुरणपोळी आणि आमरसाचं. दीडशे पानं. माझ्या हाताखाली चार बायका. जेवण असं झालं की मुलाकडची मंडळी आचारी कोण म्हणून विचारत आली. नवऱ्या मुलाची आत्या अमरावतीची, अंगाने भरलेली, मोठ्या आवाजाची. विहिणींची पंगत बसत होती. तिने माझा हात धरून मला पंगतीत बसवलं.

"मागून एकट्यानं जेवायचं नाही. आज तुम्ही आमच्यासंगं बसा."

"मी मागून बसते. अजून पुरुषांची पंगत उठायची आहे."

"ते जेवतील हो! त्यांचे हात काय बांधले आहेत?"

मी म्हटलं, थोडंच वाढा. इतकं तिला चेव यायला पुरेसं झालं. आपल्याकडे 'पुरे' म्हणणं म्हणजे 'आणखी आग्रह करा' असंच सगळे समजतात. तिने दोन पोळ्या वाढल्या, वर तुपाची धार, आणि रसाची वाटी स्वतःच्या हाताने माझ्या ओठांना लावली. "माझी शपथ आहे. ही एक वाटी. नाहीतर मी समजेन की तुम्हाला तुमच्याच हातचं आवडत नाही."

सगळ्या बायका हसून माझ्याकडे बघत होत्या. मी ती वाटी प्यायले. पोळीही अर्धी गेली.

वीस मिनिटांनी मांडवाच्या खांबाशी उभी होते ती खाली बसले आणि आडवी झाले. घामाने लुगडं भिजलं. शुद्ध होती, ऐकू सगळं येत होतं, पण बोलता येत नव्हतं.

"अरे, स्वयंपाकीणबाई पडल्या!"

"कशानं?"

"आत्ताच तर जेवल्या!"

पुरुषांची पंगत तेव्हा रसावर आलेली होती. पन्नास हात पानावर थांबले. कुणीतरी म्हणालं, "रसाचं भांडं पाहा, कल्हई आहे का त्याला?" झालं. एक काका उठून विहिरीमागे गेले आणि घशात बोटं घालून आले. कुणी लिंबू मागितलं, कुणी मिठाचं पाणी. एकजण स्वतःच्या पोटावर हात ठेवून सारखे म्हणत होते, "मले आता वाटून राह्यलं, मले आता काहीतरी वाटून राह्यलं." नवरीचे वडील हात जोडून या पानावरून त्या पानावर फिरत होते.

अर्ध्या तासाने मी उठून बसले. दुसऱ्या कुणालाही काही झालं नव्हतं. तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं, माझ्या पोटाचं ऑपरेशन झालंय, मला गोड सोसत नाही. पण समोर शंभर माणसं, त्यात निम्मे पुरुष, आणि मी पोटाबद्दल बोलणार? मी म्हटलं, "उन्हानं झालं." कुणी ऐकलं, कुणी ऐकलं नाही. नवरीच्या वडिलांनी ठरले होते तेवढे पैसे दिले, माझ्याकडे न बघता. तिच्या हातचं तिलाच पचलं नाही, हे वाक्य माझ्याआधी अकोल्याला पोचलं. त्यानंतर मला लग्नाचं बोलावणं आलं नाही. त्या माणसाच्या मुलीच्या लग्नाला जो डाग लागला तो माझ्या भिडस्तपणाचा होता. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणजे आता माईंचं घर तेवढं उरलं. ते गेलं तर खायचं काय आणि फेडायचं काय?

पुढच्या पौषात माईंच्या यजमानांचं श्राद्ध आलं. श्राद्धाचा स्वयंपाक सगळ्यांत कडक. पितर आणि ब्राह्मण जेवेपर्यंत घरात चूलसुद्धा दुसऱ्या कामाला पेटत नाही. वडे, खीर, कढी, गवार, कारलं, आमसुलाची चटणी, सगळं दुपारपर्यंत तयार हवं. मी पहाटे आंघोळीआधी चतकोर भाकरी खाल्ली होती. साडेदहाला हात कापू लागले. वडे थापता येईनात. मी लाकडांच्या खोलीत गेले, मडक्यात हात घातला, आणि तोंडात लाह्यांचा बोकाणा भरलेला असताना दारात माई.

त्या स्वतः सरपण बघायला आल्या होत्या. बाहेर बैठकीत दोन गुरुजी येऊन बसलेले.

माईंनी आधी मडक्याकडे पाहिलं, मग माझ्या गालाकडे. मला गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

"कधीपासून चाललंय हे?"

मी कसंबसं गिळलं. "दवाखान्यातून आल्यापासून."

"रोज?"

"रोज."

अंगणातून नर्मदा धावत आली, हात राखेने भरलेले. "माय, मीच देत होती. त्या नाही म्हनत होत्या. त्याईचं पोट कापेल हाय व, त्या उपाशी राह्यल्या तं पडतात. मले बोला."

"तू गप्प बस," माई म्हणाल्या. मग लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या. सत्तरीच्या बाईला एकदम बसावं लागलं हे बघून मला रडू आलं. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांची मूठ, दोन तास, चांदूरचं लग्न, सगळं. आयुष्यात इतकं सलग मी कधी बोलले नव्हते.

माईंनी मडक्यात एकदा वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं देवांना उष्टं जेवू घातलंस तू."

"हो."

"देवांचं देव बघून घेतील. त्यांना माणसाचं पोट माहीत असतं. पण आज यांचं श्राद्ध आहे, आणि हे फार काटेकोर होते." त्या उठल्या. "नर्मदे, झालेला सगळा स्वयंपाक भांड्यांसकट घरी घेऊन जा. भांडी उद्या घासून आण. यमुने, तू त्या दारात बस आणि खा. मी आंघोळ करून येते."

आणि सत्तरीच्या माई पौषातल्या गार पाण्याने दुसऱ्यांदा आंघोळ करून चुलीपाशी उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांत त्यांनी चूल फुंकली नव्हती. मी लाकडाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून लाह्या खात होते आणि तिथून ओरडत होते.

"माई, खिरीखालचा जाळ ओढा."

"ओढला."

"आता मीठ. कढीला. मूठ घट्ट नको, सैल."

"माझी मूठ मला शिकवू नकोस."

गुरुजी तीन वाजता जेवायला बसले. वडे दगडासारखे झाले होते. थोरले गुरुजी एक वडा बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "आज हाताची चव वेगळी लागते आहे."

"आहेच वेगळी," माई म्हणाल्या. "आणखी दोन घ्या."

दुसऱ्या दिवशी नर्मदा भांडी घेऊन आली. म्हणाली, "माय, आमच्या घरचे पितर काल असे जेवले का उठाचंच नाव घेईनात."

मी माझी वळकटी बांधून ठेवली होती. माईंनी ती पाहिली. "कुठे निघालीस?"

"तुम्ही ठेवणार नाही असं वाटलं."

"काहून ठेवणार नाही?" माई चिडल्या की त्यांच्या बोलण्यात इकडची भाषा यायची. "माझ्या चुलीपाशी पडून मेली असतीस तर काय तोंड दाखवलं असतं मी? आणि माझे पैसे कुणी दिले असते?"

मग त्यांनी ठरवून दिलं. रोज दांडीवर माझी दोन सोवळी वाळतील. दर दोन तासांनी मी सोवळं उतरवून मागच्या अंगणात बसून खायचं, उजेडात, लपून नाही. हातपाय धुवायचे, चूळ भरायची, दुसरं सोवळं नेसायचं आणि परत चुलीशी. श्राद्धाच्या दिवशी माझी सुट्टी, चूल माईंची. हे शास्त्रात आहे का असं साहेबांनी एकदा विचारलं. माई म्हणाल्या, "तू कोर्टातलं शास्त्र पाहा." दोन्ही सोवळी उंच दांडीवर काठीने घालायचं काम माईंनी स्वतःकडे घेतलं. ऑपरेशननंतर हात वर ताणला की माझी टाक्यांची जागा ओढायची, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी पाहिलं असावं.

लपवायचं संपलं तशी बातमी जठारपेठभर झाली. गंमत म्हणजे कामं गेली नाहीत, उलट चौकशा आल्या. पलीकडच्या एक वकिलीणबाई, ज्यांना जिना चढताना दोनदा बसावं लागे, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "यमुनाबाई, नुसतं बारीक व्हायला करतात का हो ते ऑपरेशन? मला करून मिळेल?"

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला पुरणपोळी आवडते?"

"फार."

"मग राहू द्या."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नव्हते. इतकी वर्षं दुसऱ्यांना पुरण वाढताना मला त्याचा फक्त वास मिळाला. वासावर मी समाधान मानायला शिकले, पण चव आठवत नाही असं नाही.

महिना पाच रुपये देत गेले. एखाद्या आजारपणात चुकले, पुढे भरून काढले. माई कधी मोजायच्या नाहीत. पोलक्यात ठेवायच्या आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला लागायच्या.

शेवटचा हप्ता दिला तो चंपाषष्ठीच्या दिवशी. त्या दिवशी भरीत-रोडगे असतात, नैवेद्याला गोड लागत नाही, म्हणून तो सण माझ्या आवडीचा. गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे मी भाजले, वांगी मी भाजली. नैवेद्य झाला. मी पाच रुपयांची नोट माईंपुढे ठेवली आणि म्हटलं, "माई, ही शेवटची."

त्यांनी नोटेला हात लावला नाही. म्हणाल्या, "आधी बस. आज मी वाढते."

"तुम्ही?"

"पाट घे म्हटलं ना."

मी बसले. माई आता बऱ्याच वाकल्या होत्या. एका हाताने भिंत धरून त्यांनी वाढलं. रोडग्याचा चौथा भाग, त्यावर अर्धा चमचा तूप, शेजारी दोन घास भरीत. पाण्याचा तांब्या त्यांनी पानाजवळ ठेवला नाही, लांब ठेवला. मग भरिताचं भांडं हातात धरून उभ्या राहिल्या.

मी सावकाश खाल्लं. दुसऱ्या कुठल्याही घरात एव्हाना तीनदा झालं असतं, घे गं, लाजू नको, माझी शपथ. चांदूरच्या त्या आत्याबाईंनी तर वाटी तोंडाला लावली असती. माई काही बोलल्या नाहीत. माझं पान रिकामं झालं तरी त्यांची पळी भांड्यातच होती.

"पुरे?" त्यांनी विचारलं.

"पुरे."

त्यांनी भांडं खाली ठेवलं, नोट उचलली आणि पोलक्यात खोचली.

"फिटले," म्हणाल्या. "आता जरा आडवी हो. बाकीच्यांना मी वाढते."